‘अपरिहार्य असेल तर’ : दक्षिण कोरियातील शालेय शारीरिक शिक्षेचा इतिहास

प्रस्तावना

मराठीतील ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे वा शिकवणे. मराठीत मात्र त्या शब्दाचा रूढ अर्थ दंड असा झाला. शिकवणे आणि दंड करणे या एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत, ही जुनी समजूत शब्दार्थाच्या या प्रवासात साठून राहिलेली दिसते. कोरियन भाषेतही अशीच समजूत आढळते. एखाद्याने शिक्षकी पेशा पत्करला हे सांगण्यासाठी त्या भाषेत त्याने ‘ग्योप्यॉन’ हाती घेतली असे म्हणतात. ग्योप्यॉन या शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकवण्याचा चाबूक’ असा आहे. समारंभात वडीलधाऱ्यांकडे मार्गदर्शन मागताना वापरला जाणारा ‘जिदो प्यॉनदाल’ हा नम्र वाक्प्रचारही मूळ अर्थाने ‘मार्गदर्शन आणि फटके’ असाच आहे. तो उच्चारणाऱ्याच्या मनात आज चाबूक नसतो, परंतु भाषेने त्याची आठवण जपली आहे.

दक्षिण कोरियाच्या शाळांतून छडी कायद्याने हद्दपार झाली ती २०११ साली. त्यापूर्वीच्या शतकभरात छडीचे समर्थन प्रामुख्याने दोन आधारांवर केले जाई. छडी ही कन्फ्यूशियन परंपरेची देणगी आहे, हा पहिला आधार. आणि ती ‘सारांग-ए मे’ म्हणजे ‘प्रेमाची छडी’ आहे, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन्ही आधारांची ऐतिहासिक तपासणी केली आहे. विसाव्या शतकातील कोरियन वर्गात दिसणारी सामूहिक मारहाण परंपरेतून जेवढी आली, त्याहून अधिक वसाहतवादी सत्ता, लष्करी शिस्त आणि खच्चून भरलेले वर्ग यांतून आली, असे लेखाचे प्रतिपादन आहे. कायद्यातील एका अपवादाने तिला दीर्घकाळ अभय दिले. तो अपवाद दूर झाल्यावर छडीच्या जागी काय यावे याचे उत्तर राज्यसंस्थेने वेळेवर दिले नाही आणि त्याची किंमत विद्यार्थी व शिक्षक या दोघांनाही मोजावी लागली. १९४५ नंतर कोरियाची फाळणी झाली. त्यापुढील विवेचन दक्षिण कोरियापुरते मर्यादित आहे.

सॉदांगातील छडी

चोसॉन राजवटीत (१३९२–१९१०) गावोगावी ‘सॉदांग’ नावाच्या खासगी शाळा होत्या. त्यांची तुलना आपल्याकडील पंतोजींच्या शाळेशी करता येईल. ‘हुनजांग’ म्हणजे गुरुजी. कधी तो स्वतः शाळा चालवी, कधी एखादे घराणे वा सारे गाव मिळून त्याच्या निर्वाहाची सोय करी. लहान मुलांपासून लग्न झालेल्या तरुणांपर्यंत सर्व वयांचे विद्यार्थी एकाच खोलीत बसत. प्रत्येकाचा पाठ वेगळा, गतीही वेगळी. आदल्या दिवशीचा चिनी लिपीतील मजकूर गुरुजींकडे पाठ करून तोंडपाठ म्हणून दाखवायचा, ही रोजची परीक्षा असे.

अठराव्या शतकातील विख्यात चित्रकार किम हाँग-दो (जन्म १७४५) याने लोकजीवनावर काढलेल्या चित्रांच्या संचात ‘सॉदांग’ नावाचे एक चित्र आहे. सध्या ते कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्राच्या मध्यभागी एक मुलगा गुरुजींकडे पाठ करून बसला आहे. एका हाताने तो डोळे पुसतो आहे आणि दुसरा हात घोट्याजवळच्या बंदाकडे गेला आहे. गुरुजींच्या बैठ्या मेजाजवळ एक बारीक छडी पडली आहे. भोवतालची मुले हसू दाबत आहेत. गुरुजींच्या चेहऱ्यावर मात्र राग नाही. तोही अवघडलेलाच दिसतो. हा मुलगा मार खाऊन रडतो आहे की आता पोटरीवर बसणार म्हणून बंद सोडतो आहे, याविषयी दोन्ही प्रकारचे अर्थ लावले जातात.

या चित्रातून सॉदांगातील शिक्षेची काही वैशिष्ट्ये हाती लागतात. छडी होती, हे निःसंशय. ‘ह्वेछोरी’ नावाची ती बारीक फांदी पोटरीवर मारण्याची रीत होती. पालकांनीच छड्यांची जुडी गुरुजींना आणून द्यावी, अशी प्रथा असल्याचेही परंपरेने सांगितले जाते. राजा, गुरू आणि पिता हे एकच होत, या अर्थाच्या ‘कुन-सा-बु इल-छे’ या वचनातून गुरूला पित्याचा अधिकार मिळत असे. मात्र हा अधिकार गावाच्या नजरेखाली चाले. गुरुजी पालकांना ओळखत होता, किंबहुना त्यांच्यावरच अवलंबून होता. विद्यार्थी मोजके होते आणि शिक्षा एका मुलाला, त्याच्या एका चुकलेल्या पाठासाठी मिळे. शिक्षा देणारा आणि ती सोसणारा यांच्यात दीर्घ परिचयाचे नाते होते. या नात्याचे गुणगान करण्याचे कारण नाही, कारण मुलाला त्यात बोलण्याची जागा नव्हतीच. तथापि पुढे ज्या प्रथेला ‘परंपरा’ म्हटले गेले, तिचे मूळ स्वरूप इतके मर्यादित होते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

तलवारधारी शिक्षक

१९१० साली जपानने कोरिया आपल्या साम्राज्यात सामील करून घेतला. पहिल्या दशकातील कारभाराला इतिहासकार ‘लष्करी राजवट’ असे म्हणतात. या काळात सरकारी शाळांतील शिक्षकही गणवेश घालून आणि कमरेला तलवार लावून वर्गात येत. चिमुकल्या मुलांसमोर तलवार बांधून उभा असलेला शिक्षक ही कोरियन सामूहिक स्मृतीतील एक अविस्मरणीय प्रतिमा आहे. १९१२ साली लागू झालेल्या फटक्यांच्या आदेशान्वये किरकोळ गुन्ह्यांसाठीही फटक्यांची शिक्षा देता येई आणि ती केवळ कोरियन लोकांनाच दिली जाई. मार्च १९१९ मधील देशव्यापी स्वातंत्र्य आंदोलनानंतर राज्यकर्त्यांनी धोरण सौम्य केले. शिक्षकांच्या कमरेची तलवार गेली आणि १९२० साली फटक्यांचा आदेशही रद्द झाला.

येथे एक विसंगती नोंदवण्यासारखी आहे. खुद्द जपानच्या १८७९ च्या शिक्षणविषयक आदेशात विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा देऊ नये असे कलम होते. पुढे १९०० आणि १९४१ च्या प्राथमिक शाळाविषयक आदेशांतही शिक्षकाला शिस्तीचा अधिकार देताना शारीरिक शिक्षा वगळलेली होती. म्हणजे साम्राज्याच्या मायभूमीत कागदावर तरी मनाई होती, परंतु तेथील शाळांतही मारहाण थांबली नाही. वसाहतीत तर शिक्षक हा सत्तेचाच प्रतिनिधी होता. कायद्यातील अक्षर आणि वर्गातील वहिवाट यांतील हे अंतर कोरियाच्या पुढील इतिहासातही पुन्हा पुन्हा भेटते.

१९१८ च्या नियमावलीने सॉदांगांवर सरकारी नियंत्रण आले आणि गावाने पोसलेली ही शाळा हळूहळू मागे पडत गेली. १९३७ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाल्यावर शाळांचे रूपांतर साम्राज्यनिष्ठा घडवणाऱ्या केंद्रांत झाले. विद्यार्थ्यांना सम्राटाप्रती निष्ठेची शपथ रोज म्हणावी लागे. १९३८ च्या शिक्षण आदेशाने कोरियन भाषा ऐच्छिक ठरली आणि लवकरच ती वर्गातून जवळपास नाहीशी झाली. मातृभाषेत बोलल्याबद्दल मार खाल्ल्याच्या आठवणी त्या पिढीच्या अनेक आत्मकथनांत सापडतात. सॉदांगात मूल पाठ चुकल्याबद्दल मार खाई. आता ते आपल्या आईची भाषा बोलल्याबद्दल मार खाऊ लागले. शिक्षेचे कारण मुलाच्या अभ्यासातून निघून राज्याच्या हेतूकडे गेले. हा बदल छडीच्या इतिहासातील पहिले निर्णायक वळण म्हणता येईल.

बराक आणि वर्ग

१९४५ साली कोरिया स्वतंत्र झाला. दक्षिणेत अमेरिकी लष्करी प्रशासनाच्या काळात ओ छन-सॉक यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी ‘नवशिक्षण’ चळवळ उभारली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या ओ यांच्यावर जॉन ड्यूई यांच्या विचारांचा प्रभाव होता. मूल हे वर्गाच्या केंद्रस्थानी असावे, ही भूमिका या निमित्ताने कोरियन शिक्षणात अधिकृतपणे मांडली गेली. परंतु १९४९ च्या शिक्षण कायद्याने शारीरिक शिक्षेविषयी ना परवानगी दिली, ना मनाई केली. शैक्षणिक दृष्ट्या आवश्यक असेल तेव्हा मुख्याध्यापकाला विद्यार्थ्यावर शिस्तीची कारवाई करता येईल, एवढेच त्यात म्हटले होते. ‘आवश्यक’ म्हणजे काय हे ज्याच्या हाती छडी त्यानेच ठरवायचे होते.

पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. १९५० ते १९५३ या काळात शाळा तंबूंत आणि उघड्या माळावर भरल्या. युद्धानंतर प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करण्याचा वेग असामान्य होता, मात्र इमारती आणि शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. १९६० आणि १९७० च्या दशकांत मोठ्या शहरांतील एका वर्गात साठ–सत्तर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त मुले कोंबलेली असत आणि शाळा दोन–दोन पाळ्यांत भरत. एवढ्या जमावापुढे एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकाला छडी हे शांतता राखण्याचे सर्वांत स्वस्त साधन वाटले, यात आश्चर्य नाही.

याच काळात शाळेचे लष्करीकरण झाले. १९६१ मध्ये जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता हस्तगत केली. १९६८ साली ‘राष्ट्रीय शिक्षण सनद’ जाहीर झाली आणि ती पाठ करणे विद्यार्थ्यांना सक्तीचे झाले. १९६९ पासून उच्च माध्यमिक शाळांत लष्करी कवायत हा विषय आला. १९७५ मध्ये विद्यार्थी मंडळांच्या जागी ‘विद्यार्थी राष्ट्ररक्षण दल’ पुन्हा उभे करण्यात आले. मुलांचे केस बारीक कापलेले आहेत की नाहीत, मुलींचे केस ठरल्या लांबीचे आहेत की नाहीत, याची तपासणी शाळेच्या फाटकातच होई. लष्करी सेवा सक्तीची असल्याने पुरुष शिक्षकांपैकी बहुतेक जण बराकीतील शिस्त अनुभवून वर्गात आलेले होते.

त्या शिस्तीबरोबर ‘किहाप’ नावाचा शिक्षाप्रकार शाळेत रुजला. हा शब्द मूळचा जपानी सैन्यातील परिभाषेतून आलेला. मैदानावर ओणवे राहणे, डोके जमिनीला टेकवून हात पाठीमागे बांधणे, खुर्ची डोक्यावर धरून उभे राहणे, उकिडवे बसून चालणे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. एकाची चूक आणि शिक्षा सगळ्यांना, हे त्याचे मुख्य सूत्र. सॉदांगातील छडी एका मुलाच्या एका पाठाशी बांधलेली होती. किहापचा व्यक्तीशी संबंधच नव्हता. त्याचा उद्देश मुलाला सुधारण्याचा नसून तुकडीला वाकवण्याचा होता. तरीही या दोन्ही गोष्टींना ‘परंपरा’ या एकाच नावाने ओळखले गेले. लष्करी बराकीतून आलेल्या प्रथेला कन्फ्यूशियसचे नाव मिळाले आणि तिच्यावर आक्षेप घेणे म्हणजे गुरूचा अनादर ठरू लागला.

प्रवेशपरीक्षांच्या स्पर्धेने यात आणखी भर घातली. माध्यमिक शाळांच्या प्रवेशपरीक्षा १९६९ पासून टप्प्याटप्प्याने बंद झाल्या, परंतु विद्यापीठाच्या प्रवेशाची चढाओढ तीव्रच होत गेली. अपेक्षेपेक्षा जितके गुण कमी, तितके फटके, हा हिशेब अनेक वर्गांत सर्रास चाले. पालकांनीही तो बव्हंशी मान्य केला होता. मुलाचे भवितव्य परीक्षेवर अवलंबून असताना त्याला मारणारा शिक्षक हा त्याच्या भल्यासाठी झटणारा शिक्षक वाटे. ‘प्रेमाची छडी’ या शब्दप्रयोगाची ताकद येथे होती. त्याने मारणाऱ्याला समाधान दिले, पाहणाऱ्याला निश्चिंत केले आणि सोसणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवली.

कायद्यातील अपवाद

१९८७ च्या लोकशाही आंदोलनानंतर शाळेकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. मे १९८९ मध्ये ‘खऱ्या शिक्षणा’ची घोषणा देत शिक्षकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. शासनाने ती बेकायदा ठरवली आणि सुमारे दीड हजार शिक्षकांना बडतर्फ केले. या संघटनेला कायदेशीर मान्यता १९९९ साली मिळाली. दरम्यान १९९१ मध्ये दक्षिण कोरियाने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारास मान्यता दिली. त्या कराराच्या समितीने १९९६ पासून शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घालण्याची शिफारस वारंवार केली.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर १९९७ मध्ये संमत झालेला प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायदा मार्च १९९८ पासून अमलात आला. त्याच्या अंमलबजावणी आदेशात एक महत्त्वाचे वाक्य होते. शैक्षणिक दृष्ट्या अपरिहार्य असेल तो प्रसंग वगळता, विद्यार्थ्याला शारीरिक वेदना न देणाऱ्या मार्गांनीच समज द्यावी, असा त्याचा आशय होता. वरकरणी हा वेदना न देण्याचा नियम होता. प्रत्यक्षात मात्र शारीरिक शिक्षेला कायद्यात आधार मिळाला तो याच वाक्यातील अपवादामुळे. १९४९ च्या कायद्याने ज्याविषयी मौन पाळले होते, त्याला १९९८ च्या आदेशाने मागच्या दाराने प्रवेश दिला.

या अपवादाचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांकडे आले. मारहाणीच्या तक्रारीवरून शिक्षकांवर झालेल्या कारवाईच्या एका प्रकरणात संविधान न्यायालयाने २७ जानेवारी २००० रोजी निर्णय दिला. अपरिहार्य प्रसंगी दिलेली शारीरिक शिक्षा अपवाद म्हणून वैध ठरू शकते, त्यामुळे त्या अंगाने पुरेसा तपास व्हायला हवा होता, अशी न्यायालयाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने १० जून २००४ च्या निर्णयात कसोट्या अधिक कडक केल्या. शिक्षेखेरीज अन्य मार्ग नसावा आणि तिची पद्धत व प्रमाण समाजाला मान्य होण्याजोगे असावे, तरच ती समर्थनीय ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. रागाच्या भरात केलेली, इतरांसमोर अपमान करणारी वा शरीराला इजा होण्याचा धोका असलेली मारहाण या कसोटीवर टिकत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. तथापि कसोट्या कितीही कडक केल्या तरी त्या लागू होत त्या फटका बसल्यानंतर. फटका मारण्याच्या क्षणी ‘अपरिहार्य’ काय हे ठरवणारा शिक्षक एकटाच असे.

मोजपट्टीने मोजलेली छडी

या संदिग्धतेवर उपाय म्हणून शिक्षण मंत्रालयाने २००२ साली शाळांसाठी नमुना नियमावली तयार केली. तिच्यात छडीचे माप दिलेले होते. प्राथमिक शाळेसाठी सुमारे १ सेंटीमीटर जाडीची व ५० सेंटीमीटरपर्यंत लांबीची. माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी सुमारे १.५ सेंटीमीटर जाडीची व ६० सेंटीमीटरपर्यंत लांबीची. एका वेळी जास्तीत जास्त किती फटके मारावेत, शरीराच्या कोणत्या भागावर मारावेत आणि त्या वेळी तिसरी व्यक्ती हजर असावी, याही सूचना होत्या. विद्यार्थ्याला आधी कारण समजावून सांगावे, असेही त्यात म्हटले होते.

या नियमावलीमागे मारहाणीला आळा घालण्याचाच हेतू होता, हे मान्य करावे लागेल. परंतु हेतू आणि परिणाम यांत येथे मोठी फारकत झाली. ‘प्रेमाची छडी’ या कल्पनेचा सारा डोलारा नात्याच्या ऊबेवर उभा होता. गुरू पित्यासारखा असतो, म्हणून त्याचा मार मार नसतो, असा तो युक्तिवाद. शासनाने त्या छडीची जाडी सेंटीमीटरमध्ये सांगितली आणि फटके मोजायला साक्षीदार उभा केला, तेव्हा नात्याचा तो मुलामा गळून पडला आणि उरला तो केवळ राज्याने मान्य केलेला शरीरदंड. सप्टेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने शारीरिक शिक्षेची तरतूदच काढून टाकावी अशी शिफारस केली. नियमन करता येईल या विश्वासाने लिहिलेल्या नियमावलीने नियमन का करता येत नाही हेच दाखवून दिले, असे मागे वळून पाहताना म्हणता येते.

या काळातील चित्रपटांतही शाळेतील मारहाण ठळकपणे आली. २००१ चा ‘फ्रेंड’ आणि १९७८ च्या शाळेवर बेतलेला २००४ चा ‘स्पिरिट ऑफ जीत कुन डो’ या लोकप्रिय चित्रपटांतील वर्गांमधील हिंसेत प्रौढ प्रेक्षकांना आपलीच शाळा दिसली. ज्या पिढीने मार निमूटपणे सोसला होता, ती आता त्याला हिंसा हे नाव देऊ लागली होती.

बंदीचे वर्ष

छडीवरील बंदी राजधानीतील मंत्रालयातून सुरू झाली नाही. ती आली प्रांतिक शिक्षण कार्यालयांतून. शिक्षण अधीक्षकांची निवड थेट मतदानाने होऊ लागल्यामुळे शाळेतील शिस्त हा निवडणुकीचा विषय बनला. ग्यॉन्गी प्रांतात २००९ साली निवडून आलेले प्राध्यापक किम सांग-गोन यांनी विद्यार्थी मानवाधिकार अध्यादेशाचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. विधी शाखेचे प्राध्यापक क्वाक नो-ह्यॉन हे तिचे प्रमुख होते. तेच क्वाक जून २०१० मध्ये सोलचे शिक्षण अधीक्षक म्हणून निवडून आले.

जुलै २०१० मध्ये सोलमधील एका प्राथमिक शाळेतील शिक्षक विद्यार्थ्याला मारत असल्याची चित्रफीत समोर आली आणि देशभर संताप उसळला. काही दिवसांतच क्वाक यांनी राजधानीतील शाळांत शारीरिक शिक्षेवर पूर्ण बंदी जाहीर केली. १ नोव्हेंबर २०१० पासून ती अमलात आली. ग्यॉन्गी प्रांताचा अध्यादेश ५ ऑक्टोबर २०१० रोजी प्रसिद्ध झाला. ग्वांगजूने २०११ मध्ये तसा अध्यादेश संमत केला. सोलमध्ये तो रहिवाशांनी सह्या गोळा करून मांडलेल्या प्रस्तावातून आला आणि जानेवारी २०१२ मध्ये लागू झाला. शिक्षेचा अधिकार एकेकाळी जुडीने छड्या आणून देणाऱ्या पालकांच्या संमतीतून येत असे, असे मानले, तर आता पालक व नागरिक यांनीच ती संमती सह्या करून परत घेतली, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

केंद्र शासनाने १८ मार्च २०११ रोजी अंमलबजावणी आदेशात दुरुस्ती केली. ‘अपरिहार्य असेल तर’ हा अपवाद गेला. साधनाने वा शरीराने विद्यार्थ्याच्या शरीराला वेदना देणारी पद्धत वापरता येणार नाही, असे स्पष्ट शब्द आले. मात्र येथेही एक फट राहिली. शिक्षकाने हात न लावता विद्यार्थ्याला जोर काढायला लावणे वा उभे करणे यांसारखी ‘अप्रत्यक्ष’ शिक्षा शालेय नियमांनुसार चालेल, अशी मंत्रालयाची भूमिका होती. सोल आणि ग्यॉन्गी यांनी तीही नाकारली. छडी गेली, पण किहापची सावली काही काळ रेंगाळली.

छडीनंतरची पोकळी

शिक्षकांच्या सर्वांत जुन्या संघटनेने बंदीला विरोध केला होता. छडी गेल्यास वर्ग कोलमडेल, हा तिचा आक्षेप. बंदीच्या समर्थकांनी या आक्षेपाला छडीचे समर्थन मानले आणि बाजूला सारले. वास्तविक त्यात दोन वेगळी विधाने होती. छडी हवी, हे एक. आणि छडीऐवजी काय, हे दुसरे. पहिल्याचे उत्तर नकारार्थी देणे योग्यच होते, परंतु दुसरा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही.

पर्याय म्हणून गुण–अवगुणांची नोंद ठेवणारी पद्धत २००९ पासून राबवली गेली. सोलमध्ये वर्गात व्यत्यय आणणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘आत्मपरीक्षण कक्ष’ उघडण्याचे ठरले. या सर्वांसाठी माणसे लागत होती. समुपदेशक, जास्तीचे शिक्षक, प्रशासनाचा पाठिंबा लागत होता. छडी हे स्वस्त साधन होते, हे वर म्हटलेच आहे. तिचा पर्याय स्वस्त नसतो, आणि नेमकी हीच बाब धोरणात दुर्लक्षित राहिली. वर्गातील शिस्तीची जबाबदारी एकट्या शिक्षकावर पूर्वी होती तशीच राहिली. केवळ साधन काढून घेतले गेले.

२०१४ मध्ये बाल-छळाविरुद्ध विशेष कायदा लागू झाला. घरात होणारे अत्याचार रोखण्यासाठी तो अत्यावश्यक होता. जानेवारी २०२१ मध्ये तर पालकांना शिक्षेचा अधिकार देणारे नागरी संहितेचे ९१५ वे कलमही रद्द झाले आणि घरातील छडीचाही कायदेशीर आधार संपला. मात्र ‘भावनिक छळ’ या संज्ञेच्या संदिग्ध व्याप्तीमुळे शाळेत मुलाला रागावणे, त्याला बाजूला बसवणे यांसारख्या गोष्टींवरूनही शिक्षकांविरुद्ध तक्रारी होऊ लागल्या. तक्रार होताच शिक्षकाला वर्गातून दूर केले जाई. निर्दोषत्व सिद्ध होण्यास काळ लागे. एके काळी ‘अपरिहार्य’ या शब्दाच्या संदिग्धतेने विद्यार्थी असुरक्षित झाला होता. आता दुसऱ्या एका शब्दाच्या संदिग्धतेने शिक्षक असुरक्षित झाला.

१८ जुलै २०२३ रोजी सोलमधील एका प्राथमिक शाळेत तरुण शिक्षिका मृतावस्थेत आढळली. पालकांच्या तक्रारींच्या ताणाची चर्चा सुरू झाली आणि देशभरातील शिक्षक काळे कपडे घालून आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर उतरले. ४ सप्टेंबर रोजी, तिच्या मृत्यूच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, असंख्य शिक्षकांनी रजा घेऊन शोकसभा भरवल्या. १ सप्टेंबर २०२३ पासून शिक्षण मंत्रालयाची नवी अधिसूचना लागू झाली होती. व्यत्यय आणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवणे, धोक्याच्या प्रसंगी त्याला आवरणे, वस्तू ताब्यात घेणे यांचे नियम प्रथमच तपशिलाने मांडले गेले. २१ सप्टेंबर रोजी संसदेने शिक्षकांच्या संरक्षणाशी संबंधित चार कायद्यांत दुरुस्त्या केल्या. नियमानुसार केलेले मार्गदर्शन बाल-छळ मानले जाणार नाही, हे त्यांतील प्रमुख सूत्र होते.

या वादाचा रोख विद्यार्थी मानवाधिकार अध्यादेशांकडेही वळला. विद्यार्थ्यांचे हक्क वाढले म्हणून शिक्षकांचे घटले, असा युक्तिवाद मांडला गेला. एप्रिल २०२४ मध्ये दक्षिण छुंगछॉन आणि सोल येथील प्रतिनिधीसभांनी आपापले अध्यादेश रद्द करण्याचे ठराव केले. सोलच्या ठरावाची अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये स्थगित केली. अध्यादेशांवर असा वाद झडत असताना २०११ ची राष्ट्रीय बंदी मागे घेण्याचा निर्णय मात्र झाला नाही, आणि रस्त्यावर उतरलेल्या शिक्षकांच्या प्रमुख मागण्यांतही छडी नव्हती. त्यांना हवे होते ते स्पष्ट नियम, मनुष्यबळ आणि पाठीशी उभी राहणारी व्यवस्था.

निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शाळेतील छडीला परंपरेचा म्हणून जो आधार दिला गेला, तो अंशतःच खरा होता. सॉदांगातील छडी आणि विसाव्या शतकातील सामूहिक शिक्षा यांच्यामध्ये वसाहतवादी सत्ता, लष्करी राजवट आणि गर्दीने भरलेले वर्ग उभे आहेत. परंपरेचे नाव घेऊन समर्थन मागणाऱ्या कोणत्याही प्रथेचे वय आधी तपासून पाहावे, हा इतिहासाच्या अभ्यासकाला यातून मिळणारा धडा होय.

दुसरी, हिंसेला नियमात बसवून सौम्य करण्याचा प्रयत्न टिकत नाही. ‘अपरिहार्य असेल तर’ या शब्दांनी हिंसेला मर्यादा घातली नाही, तिला परवाना दिला. छडीचे माप ठरवणाऱ्या नियमावलीने तो परवाना उघडा पाडला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छडीवरील बंदी न्याय्य होती, परंतु बंदी म्हणजे शिस्तीचे धोरण नव्हे. २०११ मध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे होते, त्याचे पहिले तपशीलवार उत्तर २०२३ मध्ये, एका मृत्यूनंतर दिले गेले. मधल्या बारा वर्षांत विद्यार्थ्याचे हक्क आणि शिक्षकाची सुरक्षितता या एकमेकींच्या विरोधी गोष्टी आहेत असा समज पसरला. किम हाँग-दोच्या चित्रात रडणारे मूल आणि अवघडलेले गुरुजी हे दोघेही एकाच चौकटीत आहेत. छडी उचलून बाजूला ठेवल्यावर त्या दोघांमध्ये काय असावे, हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही, तो खर्चाचा आणि सामाजिक जबाबदारीचाही आहे. कोरियाने त्याचे अर्धे उत्तर वेळेवर दिले आणि उरलेल्या अर्ध्याला उशीर केला.